सातव्या वर्षी कसलं आलंय ‘एलिट’?

मेरीलँडमधल्या हॉवर्ड काउंटीतून एका आईचं पत्र आलं आहे. लांबलचक आहे, म्हणून गाभा तेवढा देते.

“मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. वर्गातला जिवलग मित्र लॅक्रोस (टोकाला जाळी असलेल्या काठीनं चेंडू झेलत-फेकत गोल करायचा खेळ) खेळतो, म्हणून यालाही तेच हवंय. आम्हा दोघांना या खेळातलं ओ की ठो कळत नाही. काउंटीच्या रेक लीगची, म्हणजे हौशी मुलांच्या स्थानिक कार्यक्रमाची, फी दोनशे डॉलरच्या आतबाहेर आहे. पण मित्राच्या बाबांनी एक क्लब सुचवला. तिथे आठ वर्षांखालच्या मुलांचा ‘एलिट डेव्हलपमेंटल’ संघ आहे. वर्षाचे अकरा महिने सराव, उन्हाळ्यात तीन राज्यांत स्पर्धा, फी दोन हजारांच्या वर. चाचणीला नेलं, निवड झाली. आता मेल आलीय की ४८ तासांत ४०० डॉलर अनामत भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला. नवरा म्हणतो, भरून टाक, पुढे कॉलेजला उपयोग होईल. सासूबाई साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर म्हणतात, काठ्या हाणायचा कसला हा खेळ, त्यापेक्षा पोहायला घाला. रविवारची मराठी शाळा बुडेल ती वेगळीच. शिवाय मैदानावर आपलं कुणीच दिसत नाही. आणि आता पाच वर्षांची धाकटीही काठी मागतेय. काय करू?”

— गोंधळलेली आई

आधी उत्तर सांगते, कारणं मग. रेकला घाला. क्लबची अनामत भरू नका. यंदा तर नाहीच, आणि माझं विचाराल तर पोरगं दहा वर्षांचं होईपर्यंत त्या वाटेला जायचं कारण नाही.

तुमचे मिस्टर ‘कॉलेज’ म्हणतात तिथून सुरुवात करू, कारण त्या दोन हजारांचं मूळ त्याच शब्दात आहे. एक काळ असा होता की आठवी-नववीतल्या पोरांना विद्यापीठांचे कोच तोंडी शब्द देऊन मोकळे व्हायचे. लॅक्रोसमध्ये हे इतकं बोकाळलं की कोच मंडळींनाच ते नकोसं झालं. शेवटी २०१७ मध्ये एनसीएएनं, म्हणजे कॉलेजातले खेळ चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेनं, पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठांसाठी नियम केला: मूल अकरावीत जाऊन १ सप्टेंबर उजाडेपर्यंत कोचनं भरतीबद्दल त्याच्याशी बोलायचं नाही. तुमच्या चिरंजिवांना अकरावीत जायला अजून नऊ वर्षं आहेत. तोपर्यंत दुधाचे दात पडायचेत, आवाज फुटायचाय, आणि खेळाची आवडही कितीदा बदलेल कोण जाणे.

शिष्यवृत्तीचं गणितही एकदा कागदावर मांडा. २०२५ पर्यंत पहिल्या श्रेणीतल्या पुरुषांच्या लॅक्रोस संघाला जास्तीत जास्त १२.६ पूर्ण शिष्यवृत्त्यांएवढे पैसे वाटता येत होते. संघात मुलं चाळीस-पन्नास. म्हणजे बहुतेकांच्या हाती तुकडा, काहींच्या हाती तोही नाही. आता ज्या विद्यापीठांनी नवी पद्धत स्वीकारली आहे तिथे शिष्यवृत्त्यांऐवजी संघातल्या खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली आहे. पण त्यामुळे विद्यापीठांच्या तिजोऱ्या काही नव्यानं भरलेल्या नाहीत. तुम्ही फीचे दोन हजार आणि हॉटेल-गाडीचा वरखर्च दरवर्षी मुलाच्या ५२९ खात्यात (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) टाकलात, तर कॉलेजला त्याचा उपयोग शंभर टक्के होईल. मिस्टरांना एवढं एकच वाक्य वाचून दाखवलंत तरी चालेल.

‘एलिट’ या बिरुदाबद्दल माझं मत तिखट आहे, ते सांगूनच टाकते. सात वर्षांच्या मुलांमध्ये कुणी एलिट नसतं. कुणी जानेवारीत जन्मलेलं असतं, कुणी डिसेंबरात. कुणाला मोठा भाऊ असतो, कुणाला नसतो. चाचणीत दिसतो तो बहुधा एवढाच फरक. ज्याला काठी धरायची माहिती नाही त्या तुमच्या मुलाची निवड झाली, यावरूनच ती चाचणी काय पारखत होती ते समजा.

अकरा महिने एकच खेळ हीदेखील काळजीची गोष्ट आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सनं २०१६ च्या अहवालात स्पष्ट म्हटलंय की एकाच खेळाला वाहून घेणं पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवावं, आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी असावी, आणि वर्षात एकूण तीन महिने तरी त्या खेळापासून लांब राहावं. ते सलग नसले तरी एकेक महिन्याच्या तुकड्यांत चालतात. अकरा महिन्यांच्या वेळापत्रकात हे बसवून दाखवा, असं क्लबला विचारून बघाच. कोपर, खांदा, गुडघा यांचं दुखणं वाढत्या वयात एकाच हालचालीच्या अतिरेकानं येतं. आणि त्याआधी येतो तो कंटाळा.

आता ‘रेकला घाला’ म्हटलं, पण रेक म्हटलं की ते चांगलंच असतं असं मुळीच नाही. तुमच्या भागात एकाच अंतरावर दोन-तीन रेक कार्यक्रम सापडतील आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. म्हणून वेबसाइट वाचण्यात रात्र घालवू नका. सध्या फॉल बॉल, म्हणजे शरद ऋतूतला छोटा मोसम, चालू असेल. संध्याकाळी एखाद्या सरावाला जा, खुर्ची टाका आणि तासभर नुसतं बघा. कुणाला विचारायची गरज नसते, मैदान सार्वजनिक असतं.

काय बघायचं? एकाच मुलावर नजर ठेवा, शक्यतो त्या घोळक्यातल्या सगळ्यात नवख्या मुलावर, आणि तासाभरात चेंडू त्याच्या काठीला किती वेळा लागतो ते मोजा. काही ठिकाणी दहा-बारा पोरं एका रांगेत उभी असतात, पुढचा मुलगा गोलवर चेंडू मारतो, मग रांगेच्या शेवटी जाऊन गवत उपटत बसतो. त्याचा नंबर परत येईपर्यंत त्याचं लक्ष ढगांकडे गेलेलं असतं. तासाला पाच-सहा वेळा चेंडू. चांगल्या कार्यक्रमात त्याच मैदानाचे शंकू ठेवून छोटे छोटे चौकोन केलेले असतात, प्रत्येकात चार-पाच मुलं, आणि चेंडू भरपूर. तिथे नवख्यालाही दम लागेपर्यंत पळावं लागतं. यूएसए लॅक्रोस, म्हणजे या खेळाची राष्ट्रीय संस्था, तुमच्याच राज्यात स्पार्क्सला आहे. तिची शिफारसही हीच: आठ वर्षांखालच्यांनी छोट्या मैदानावर चार विरुद्ध चार खेळावं, दहा वर्षांखालच्यांनी सात विरुद्ध सात. एखादा कार्यक्रम सात वर्षांच्या पोरांना मोठ्या मैदानावर दहा विरुद्ध दहा खेळवत असेल तर तिथून सरळ उठा. त्यात दोन दांडगी मुलं खेळतात आणि उरलेली मैदानाची राखण करतात.

या वयातला खेळ खरा काय असतो तेही सांगते, म्हणजे पहिल्या सामन्याला तुमचा हिरमोड होणार नाही. टीव्हीवर दिसतात तसे सुंदर पास इथे नसतात. चेंडू जमिनीवर असतो आणि त्यावर मधमाश्यांच्या मोहोळासारखी सगळी पोरं तुटून पडलेली असतात. ज्याला जमिनीवरचा चेंडू उचलता येतो तो राजा. नवखं मूल काठी उभी धरून चेंडूला टोचतं, चेंडू पुढे घरंगळतो, मूल पुन्हा टोचतं, पुन्हा घरंगळतो, आणि तेवढ्यात दुसरा कुणीतरी तो घेऊन पसार. आता कोच काय करतो ते बघा. लांबून नुसता “ग्राउंड बॉल! ग्राउंड बॉल!” ओरडणारा कोच सगळीकडे मिळतो. चांगला कोच जवळ येतो, गुडघे टेकून त्या मुलाच्या उंचीला येतो, त्याचा मागचा हात धरून जवळजवळ गवताला लावतो, आणि सांगतो की पाय चेंडूच्या शेजारी ने, वाक, पण थांबू नकोस. पळता पळता चेंडूखालून काठी घालून तसाच पुढे जा. पुढच्या खेपेला चेंडू जाळीत येतो आणि त्या मुलाचा चेहरा तुम्हाला कडेवरूनही वाचता येतो. मग क्रेडलिंग, म्हणजे मनगट आत-बाहेर वळवत पळताना चेंडू जाळीत ठेवणं, ते हळूहळू येतं. ते घरीही येतं. गराजची भिंत, एक चेंडू आणि रोजची दहा मिनिटं. याला इथे वॉल बॉल म्हणतात आणि मोठमोठे खेळाडूही तेच करतात.

कोच कोण आहे यावरच बरंचसं ठरतं, हे तुमच्या लक्षात आलं असेल. रेकमध्ये तो बहुधा कुणाचा तरी बाबा किंवा आई असते, पगाराविना. त्यात वाईट काही नाही. पण तीन गोष्टी कार्यक्रमाच्या संचालकांना मेलवर विचारा. कोचनं यूएसए लॅक्रोसचं किंवा त्या तोडीचं प्रशिक्षण घेतलंय का? प्रत्येक प्रौढाची पार्श्वभूमी तपासली जाते का? आणि कोच कुठल्याही मुलाबरोबर एकटा राहणार नाही, गाडीत, स्वच्छतागृहात, फोनवरच्या मेसेजमध्येसुद्धा, असा नियम आहे का? अमेरिकेत २०१८ मध्ये सेफ स्पोर्ट कायदा झाला, त्यामुळे राष्ट्रीय संस्थांशी जोडलेल्या कार्यक्रमांना हे प्रश्न नवे नाहीत. आपल्याकडे ‘कोच म्हणजे गुरू, त्याच्यावर शंका कशी घ्यायची’ असं एक संकोचाचं ओझं असतं. ते घरी ठेवून जा. चांगल्या संचालकाला या प्रश्नांचा राग येत नाही, त्याचं उत्तर त्याच दिवशी येतं. ज्याला राग येतो त्याच्याकडे मूल पाठवायचं नाही.

सासूबाईंच्या काळजीकडे वळू. त्या म्हणतात ते अगदीच चूक नाही. मोठ्या मुलांच्या लॅक्रोसमध्ये अंगावर जाणं असतं, काठीवर काठी आपटणं असतं. पण तुमच्या मुलाच्या वयोगटात बॉडी चेकिंगला बंदी आहे. मुलं एकमेकांना धडकतात ती अंदाज चुकल्यामुळे, जशी ती शाळेच्या अंगणातही धडकतात. चेंडू मात्र गंभीरपणे घ्यायचा. भरीव रबराचा, १४० ते १५० ग्रॅमचा, म्हणजे आपल्या सीझन बॉलपेक्षा थोडाच हलका. काही कार्यक्रम अगदी लहानांना मऊ चेंडू देतात, तेही विचारून घ्या.

मुलांच्या खेळात हेल्मेट, माउथगार्ड, हातमोजे, खांद्या-छातीचं पॅड, कोपराचं पॅड आणि लंगोटाखालचा कप एवढं लागतं. यातल्या छातीच्या पॅडबद्दल जरा थांबून सांगते, कारण दुकानातला माणूस हे सांगेलच असं नाही. चेंडू छातीवर नेमक्या त्या क्षणी बसला तर अगदी निरोगी मुलाचंही हृदय थांबू शकतं. फार क्वचित घडतं, पण घडलेलं आहे. त्यामुळे १ जानेवारी २०२२ पासून मैदानावरच्या प्रत्येक मुलाच्या पॅडवर नॉकसी (खेळाच्या संरक्षक सामानाची मानकं ठरवणारी संस्था) एनडी २०० हे मानक असणं सक्तीचं आहे. पॅडवर ते छापलेलं असतं. मित्राच्या दादाचं जुनं पॅड कुणी प्रेमानं देऊ केलं तर आभार माना, लेबल बघा, आणि ते नसेल तर नवं घ्या. आणि मैदानावर एईडी, म्हणजे थांबलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, कुठे ठेवलंय हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. “कुठेतरी ऑफिसात असेल” हे उत्तर पुरेसं नाही.

डोक्याला मार लागल्याबद्दल मेरीलँडमध्ये २०११ पासून कायदाच आहे: शंका आली तरी मुलाला बाहेर काढायचं आणि डॉक्टरी परवानगी लेखी मिळेपर्यंत परत उतरवायचं नाही. संचालकांना हे तोंडपाठ असायला हवं. गडगडाट ऐकू आला की मैदान सोडायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परतायचं नाही, हाही नियम ते पाळतात का बघा. तुमच्याकडे मे-जूनच्या संध्याकाळी त्याची वेळ येतेच.

हे सगळं सामान विकत घ्यायला धावू नका. बऱ्याच रेक कार्यक्रमांकडे पहिल्या मोसमासाठी उसनं सामान असतं, पण ते मागणाऱ्यालाच मिळतं आणि लवकर संपतं. काठी सेकंड-हँड बेलाशक घ्या. हेल्मेट मात्र कधीच नको, ते आधी किती वेळा कशावर आपटलंय ते दिसत नाही. दुकानात हेल्मेट घालून मुलाला ‘नाही नाही’ अशी मान हलवायला सांगा. हेल्मेट डोक्याबरोबरच वळलं पाहिजे, मागून नव्हे. काठी महागडी नको, पण खेळण्यातलीही नको. या वयात तिची लांबी ३७ ते ४२ इंच चालते, तेव्हा बुटक्या मुलासाठी दांडा थोडा कापून घेता येतो. कापल्यावर टोकाला रबरी टोपण बसवायचं, उघडं टोक पंच चालू देत नाहीत. आणि नव्या काठीची जाळी कडक असते, चेंडू तिच्यात बसत नाही, उडून पडतो. पोराला वाटतं आपल्यालाच जमत नाही. टीव्ही बघता बघता जाळीत चेंडू दाबत बसायचं काम तुमच्या मिस्टरांना द्या. दोन संध्याकाळी पुरतात.

बाकी सासूबाईंचं पोहण्याचं म्हणणं मला एकदम मान्य आहे. पोहायलाही घाला. ते काही लॅक्रोसच्या बदल्यात नाही; रेकचा मोसम साधारण मार्च ते जूनचा, वर्षाचे बाकीचे महिने मोकळेच असतात. त्यात पोहणं, सायकल, आणि बाबांबरोबर क्रिकेट. क्रिकेटची आठवण मुद्दाम काढली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये लॅक्रोस आणि क्रिकेट हे दोन्ही खेळ एकाच वेळी परत येतायत, आणि हा निर्णय झाला तो ऑक्टोबर २०२३ मध्ये, आपल्या मुंबईत भरलेल्या ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात. लॅक्रोस याआधी पदकाचा खेळ होता १९०४ आणि १९०८ मध्ये, क्रिकेट त्याहूनही आधी, १९०० मध्ये. तिथे लॅक्रोस सहा-सहा जणांचं खेळतील, ते समजायलाही सोपं. साताऱ्याला हे कळवा. खेळाला एकदा ऑलिंपिकचं नाव चिकटलं की घरातला विरोध निम्मा होतो, असा माझा अनुभव आहे.

रविवारच्या मराठी शाळेबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण तुम्हाला खुपतंय ते तेच, असं मला पत्रावरून वाटलं. तिथे मी तुमच्या बाजूनं आहे. क्लबच्या स्पर्धा शनिवार-रविवार असतात, सकाळी आठचा सामना डेलावेअरला असेल तर शनिवारी रात्रीच निघावं लागतं. असे चार आठवडे गेले की बाराखडी गेली, आणि शाळेतले ते चार मराठी मित्रही गेले. बृहन्महाराष्ट्र मंडळानं या शाळांचा अभ्यासक्रम एकसारखा करून ठेवलाय, त्यामुळे बुडालेला धडा घरी भरून काढता येतो. मैत्री भरून काढता येत नाही. रेकचे सामने बहुधा शनिवारी आणि गावातल्या गावात असतात. नाव घालण्याआधी “रविवारी सामने असतात का, असले तर किती” हा प्रश्न विचारा. एखाद-दुसरा रविवार गेला तर आभाळ कोसळत नाही, पण प्रत्येक रविवार मागणारा कार्यक्रम सात वर्षांच्या मुलासाठी नको.

‘आपलं कुणीच दिसत नाही’ हेही तुम्ही लिहिलंत. खरं आहे, लॅक्रोस हा अजून बराचसा गोऱ्या, खात्यापित्या घरांचा खेळ आहे. गंमत अशी की तो मुळात त्यांचा नव्हेच. तो इथल्या मूळ रहिवाशांचा. उत्तरेकडच्या हॉडेनोशोनी लोकांच्या लेखी तो निर्मात्यानं दिलेला खेळ आहे, आजाऱ्याला बरं वाटावं म्हणूनही खेळला जाणारा. आजही त्यांचा संघ जागतिक स्पर्धांत स्वतःच्या झेंड्याखाली उतरतो. मुलाला ही गोष्ट सांगा. जो कोच मुलांना ही गोष्ट सांगतो त्याला माझ्याकडून दोन गुण जास्त. मेरीलँडनं २००४ मध्ये लॅक्रोसला राज्याचा अधिकृत सांघिक खेळ ठरवलं, नुसता ‘राज्याचा खेळ’ का नाही तर ती जागा आधीच घोड्यावरून भाल्यानं कड्या टिपण्याच्या खेळानं अडवलेली आहे. असल्या राज्यात आपण परके वाटायचं काही कारण नाही.

पण कडेला उभं राहिल्यावर एकटं वाटतं ते वाटतंच, त्यावर उपाय कामाचा. पहिल्याच आठवड्यात टीम मॅनेजरला सांगा की एका सामन्याचा स्नॅक आमच्याकडे, किंवा वेळ लावायचं काम मिस्टर करतील. काम करणाऱ्या माणसाशी लोक आपण होऊन बोलायला येतात. आणि मुलाच्या नावाचा उच्चार कोचला पहिल्याच दिवशी दोनदा म्हणून दाखवा. तोंडात बसत नाही म्हणून ‘नील’ किंवा ‘सॅम’ करू देऊ नका. मुलालाच तसं हवं असेल तर गोष्ट वेगळी. चांगला कोच कसा ओळखायचा याची हीसुद्धा एक परीक्षाच समजा: दुसऱ्या सरावाला तो नाव बरोबर घेतो का.

खेळ तुम्हाला कळत नाही याचं मात्र टेन्शन घेऊ नका. तुमच्या अर्ध्या-पाऊण तासाच्या टापूत जॉन्स हॉपकिन्स आहे, कॉलेज पार्कला मेरीलँड विद्यापीठ आहे, टाउसन, लॉयोला, ॲनापोलिसला नेव्हीची अकादमी. फेब्रुवारी ते मे यांच्यापैकी कुणाचा ना कुणाचा सामना असतोच. एका शनिवारी डबा घेऊन चौघं जा. मुलांचा आणि मुलींचा, दोन्ही सामने बघा, कारण ते नियमांनी जवळजवळ दोन वेगळे खेळ आहेत.

यातच धाकटीचं उत्तर आहे. मुलींच्या खेळात अंगाला धक्का चालत नाही, म्हणून हेल्मेटचा जामानिमा नसतो. डोळ्यांना गॉगल, तोंडात माउथगार्ड, आणि हवं असेल तर मऊ हेडगिअर. काठीही वेगळी, जाळी उथळ, त्यामुळे दादाची काठी तिला वारशानं देता येणार नाही. पण पाचव्या वर्षी तिला संघाची गरजच नाही. प्लॅस्टिकची बुटकी काठी आणि मऊ चेंडू मिळतो, तो आणा आणि दोघांना मागच्या अंगणात सोडा. दोन वर्षांनी तिनं पुन्हा मागितलं तर तिला त्याच रेकमध्ये घाला, मुलींच्या बाजूला. त्यासाठी आत्ताच विचारून ठेवा की मुलींचा संघ खरंच आहे की नुसता कागदावर, आणि तिथे कुणी बाई कोच आहे का.

क्लबचं दार कायमचं बंद करा असं माझं म्हणणं नाही. दहा-अकराव्या वर्षी मुलगा आपण होऊन भिंतीवर चेंडू मारत बसत असेल, रेकमध्ये त्याला आव्हान उरलं नसेल, आणि तो स्वतः मागत असेल, तर जरूर बघा. तेव्हाही आधी कोच बघा, मग वेळापत्रक, मग फी. क्लबांना मुलं लागतातच. दरवर्षी उन्हाळ्यात चाचण्या असतात आणि दरवर्षी ‘शेवटच्या दोन जागा’ उरलेल्या असतात.

राहता राहिली ४८ तासांची मेल. पैसे भरले नसतील तर दोन ओळींचं उत्तर पाठवा, की यंदा आम्ही रेक खेळणार, संधीबद्दल आभार. कारणं देत बसू नका, दिलेल्या प्रत्येक कारणावर त्यांच्याकडे तयार उत्तर असतं. हे पत्र छापून येईपर्यंत मिस्टरांनी भरून टाकले असतील, तर करारातलं परताव्याचं कलम आजच काढून वाचा, त्यात मुदत दिलेली असेल तर ती उलटायच्या आत लेखी कळवा, आणि फोनवर कुणी काही कबूल केलं तर त्याचीही मेल मागून घ्या. रेकची वसंतातल्या मोसमाची नोंदणी बहुतेक ठिकाणी हिवाळ्यातच उघडते. उसनं सामान हवं असेल तर पहिल्याच आठवड्यात नाव घाला.